देणगी मागायला निघताना

अरे, तीन दारं बंद झाली म्हणून लगेच खट्टू होऊ नकोस. नकार म्हणजे कंजूषपणाच असं नसतं. कोणी आपल्या गावच्या शाळेला गुपचूप देत असतं, कोणाचा फक्त अन्नदानावर विश्वास, आणि एखादे काका पै न् पैचा हिशेब विचारून शेवटी शंभरच काढतात. त्या काकांना टाळू नकोस. खात्री पटली की तेच चार जणांना आपल्या संस्थेचं नाव सांगतात.

कागद मात्र चोख ठेव. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक पावतीवर हवाच. ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, याबद्दल विचारलं तर स्पष्ट सांग: २,००० रुपयांच्या वर रोख दिले तर सवलत नाही, चेक किंवा यूपीआय करा. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळतच नाही, तेही लपवू नकोस. पावती तिथल्या तिथे फाड, नाव विचारून लिही.

रडक्या मुलांचे फोटो दाखवून पैसे काढणं मला पटत नाही. पैसे येतात, नाही असं नाही. पण पुढच्या खेपेला तोच माणूस आतूनच "घरी कोणी नाही" म्हणतो! आणि हो, जेवणाच्या वेळेला बेल वाजवू नकोस.