गाडीचं लायसन्स बोटीला चालतं का?

प्रश्न : मुलगा म्युनिकला असतो, सप्टेंबरमध्ये आम्ही सगळे ग्रीसला कॉर्फू बेटावर जातोय. तो म्हणतो तिथे लायसन्सशिवाय मोटरबोट भाड्याने मिळते. माझ्याकडे आरटीओने दिलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आहे, ते दाखवून जरा मोठी बोट मिळेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : काका, ते परमिट रस्त्यावरच्या गाड्यांचं, पाण्यात त्याला कोणी विचारत नाही. पण मुलाचं बरोबर आहे, ग्रीसमध्ये ३० हॉर्सपॉवरपर्यंतची बोट बिनालायसन्सची मिळते. आम्ही घेतली होती तेव्हा मालकाने दहा मिनिटं शिकवलं, नकाशावर पेनने रेघ मारून 'याच्या पलीकडे नाही' म्हणाला आणि एक लाल दोरी माझ्या मनगटाला अडकवली, म्हणजे मी पाण्यात पडलो की दोरी सुटून इंजिन आपोआप बंद. दुपारनंतर तिथे वायव्येचा वारा सुटतो हो, म्हणून सकाळीच निघा.

पण हा आकडा ग्रीसपुरताच धरा. इटलीत ४० हॉर्सपॉवरपर्यंत चालतं, तेही किनाऱ्यापासून ६ सागरी मैलांच्या आत, फ्रान्समध्ये ६ हॉर्सपॉवरच्या वर गेलात की लायसन्स, आणि क्रोएशियात तर छोट्या मोटरबोटीलाही कागद मागतात, मोठी याट घेतली तर वर बोटीवरचा रेडिओ वापरायचं सर्टिफिकेट वेगळं. जर्मनीची गंमत म्हणजे एकाच देशात तीन हिशोब, एरवी १५ हॉर्सपॉवरपर्यंत बिनालायसन्स, ऱ्हाइन नदीवर ५ पर्यंत आणि बोडनझे तळ्यात ६ पर्यंत! इंग्लंडमध्ये मात्र स्वतःच्या छोट्या बोटीने समुद्रात जायला लायसन्सच लागत नाही, मला तर हे अजून पटत नाही.

शिडाची याट स्वतः चालवायची हौस असेल तर ग्रीसमध्येही सर्टिफिकेट लागतं आणि सोबत दुसरा जाणकार माणूस. युरोपात त्यासाठी आयसीसी (क्रिकेटवालं नव्हे, इंटरनॅशनल सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्स) म्हणून बोट चालवण्याचं सर्टिफिकेट चालतं, संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आयोगाच्या ठरावातून आलेलं. मुलगा जर्मनीत आहेच तर त्याला म्हणावं समुद्राचं 'श्पोर्टबोटफ्युररशाइन', म्हणजे जर्मन बोट-लायसन्स, काढ, तेच आयसीसी म्हणून धरतात. लेखी परीक्षा असते, शिवाय दोरीच्या गाठी मारून आणि पाण्यात पडलेल्याला परत बोटीजवळ घ्यायचं कसं ते बोट चालवून दाखवायचं. सप्टेंबरच्या आत होईल का माहीत नाही, तोवर तुमची ती ३० वाली.