टॅक्स क्लास ५ आणि ‘तीन वर्षं घरीच थांब’

तुम्ही म्युनिकहून लिहिलंय, की पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे, नवऱ्याचा टॅक्स क्लास (जर्मनीत पगारातून दरमहा किती कर कापायचा ते ठरवणारा वर्ग) ३, म्हणजे कमी कापणीचा, आणि तुमचा ५, म्हणजे जास्त कापणीचा, आणि घरी सगळे म्हणतात, ‘टॅक्स जाऊन तुझ्या हाती उरतं तरी काय? तीन वर्षं घरीच थांब.’ तुम्हाला ते पटत नाही. पटू देऊही नका.

पे-स्लिपवरचा तो आकडा तुमच्या कमाईचा नाहीच. ३/५ मध्ये तुमच्या वाट्याची करसूटही नवऱ्याच्या पगारात धरली जाते. दोघांनी ४/४ घेतलं, म्हणजे दोघांना सारखीच कापणी, तरी वर्षाचा एकूण टॅक्स तेवढाच राहतो, रिटर्न भरताना हिशेब जुळतो. पण एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळंतपणानंतरचा सरकारी भत्ता, तुमच्या नेट, म्हणजे हाती येणाऱ्या पगारावर ठरतो: साधारण ६५ टक्के, कमाल १८०० युरो. समजा क्लास ५ मध्ये नेट २००० असेल तर १३००, क्लास ४ मध्ये २५०० झालं तर १६२५. भत्ता १२ महिन्यांचा, पण पहिले दोन महिने प्रसूतीरजेच्या पैशांत धरले जातात; उरलेल्या दहा महिन्यांत सव्वातीनशे गुणिले दहा, म्हणजे ३२५० युरोंचा फरक! मात्र प्रसूतीरजेआधीच्या १२ महिन्यांपैकी निदान ७ महिने नवा क्लास लागू असायला हवा. दिवस गेल्यावर धावपळ केली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. क्लास बदलण्याचा अर्ज याच महिन्यात करा.

आता तीन वर्षांचं. पहिल्या मुलानंतर ५ ते १० वर्षांनी आयांची कमाई डेन्मार्कमध्ये सुमारे २१ टक्के कमी दिसते, जर्मनीत ६१ टक्के. मोठं कारण म्हणजे लांब रजा आणि मग कायमचं अर्धवेळ काम. म्हणून एल्टर्नत्साइटच्या, म्हणजे बालसंगोपन रजेच्या अर्जात नुसतं ‘एक वर्ष’ लिहू नका. दुसरं वर्ष मग कंपनीच्या मर्जीवर जातं. दोन वर्षं मागा आणि त्यातच १३व्या महिन्यापासून आठवड्याला ३० तास काम, असं लिहा. १५ पेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीत, सहा महिने नोकरी झाली असेल तर हा हक्क आहे. रजा संपली की पूर्ण वेळेचा करार आपोआप परत लागू होतो. साधा अर्धवेळ करार सही केलात तर परतीची वाट कंपनीच्या हातात. हीच चूक सगळ्यांत महाग पडते.

रजेचा अर्ज सुरुवातीच्या किमान सात आठवडे आधी द्यावा लागतो. पाळणाघराचा हक्क एक वर्षानंतर आहे, पण जागा हव्या त्या भागात मिळेलच असं नाही, तेव्हा नाव लवकर नोंदवा.

आणि नवऱ्याला त्यांच्या वाट्याची दोन महिन्यांची रजा घ्यायला सांगा. दोघांनी घेतली तरच भत्ता १२ ऐवजी १४ महिने मिळतो.