रॅप्टर ७०० च्या स्प्रिंगा पूर्ण सैल केल्या तर ट्रेलवर पाठ दुखायची थांबते का?

नाही थांबत. वाढते. ज्या मित्राने हा सल्ला दिला त्याला म्हणावं आधी स्वतःच्या गाडीवर कर, दिवसभर दगडातून चालव आणि मग बोल.

तुम्ही लिहिलंय सेकंडहँड रॅप्टर ७०० आर (यामाहाची क्वाड, म्हणजे जाड टायरची, हँडलवाली चारचाकी) घेतली, तुमचं वजन साठच्या आसपास, ट्रेलवर दोन तासांत पाठ आणि मनगटं भरून येतात, आणि मित्र म्हणतो प्रीलोडच्या रिंगा (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणाऱ्या) पार खाली सोड नाहीतर सरळ नवे शॉकअप घे. मला हाच सल्ला मिळाला होता, शब्दन् शब्द, म्हणून लिहायला बसले. माझी गाडी पण तीच, वजन ५४ किलो, आणि माझ्या आधीचा मालक चांगला धिप्पाड गडी, त्याने रिंगा आवळून आवळून स्प्रिंगा ताठ करून ठेवलेल्या. म्हणजे सुरुवातीला गाडी माझ्या वजनाने खाली बसायचीच नाही. रिंगा सोडायला हव्या होत्या हे खरंच, पण किती सोडायच्या हाच तर सगळा प्रश्न आहे, आणि "पूर्ण" हे त्याचं उत्तर नाही.

थोडं मागचं सांगते. माझ्या वडिलांचं मिरजेला गॅरेज होतं आणि त्यांचं मुख्य काम शॉकअपचं. बजाज स्कूटर, एम-८०, राजदूत, येझदी, जिल्हाभरातून लोक यायचे. मी शाळेतून आले की पुढच्या फोर्कमधलं जुनं तेल काढायचं काम माझ्याकडे असायचं, काळंकुट्ट, पाण्यासारखं पातळ झालेलं आणि वास असा की हाताला दोन दिवस राहायचा. आप्पा गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगायचे, स्प्रिंग वजन धरते आणि तेल धक्का धरतं, एकाचं काम दुसऱ्याला सांगायचं नाही. अमेरिकेत येऊन क्वाड घेतली तेव्हा शॉकअपला नायट्रोजन आणि तीन-तीन अॅडजस्टर बघितले, पण आत काम करणारं गणित तेच.

आता घडलेलं. आम्ही ओहायोत राहतो, त्यामुळे लाँग वीकेंडला ग्रुप वेस्ट व्हर्जिनियात हॅटफिल्ड-मकॉय ट्रेल्सना जातो. २००० साली सुरू झालेलं हे जाळं आता हजार मैलांच्या वर गेलंय, बरेचसे जुने कोळसा खाणींचे आणि लाकूडतोडीचे रस्ते, पाटीवरच्या रंगावरून कळतं, हिरवा सोपा, निळा मधला, काळा अवघड. लोगनजवळच्या बेअरवॉलोला जे गेलेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल, तिथे मातीपेक्षा दगड जास्त. तर ग्रुपमध्ये नवऱ्याचे एक मित्र आहेत, आम्ही त्यांना भावजी म्हणतो. गाड्यांचं त्यांना सगळं माहीत असतं. मी परमिट घ्यायला ऑफिसात गेले तेवढ्यात यांनी माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही रिंगा पार सोडल्या आणि रिबाउंडचा स्क्रू (दाबलेला शॉकअप किती झपकन परत वर येतो ते ठरवणारा, आत फिरवला की हळू) पूर्ण आत फिरवला. परत आले तर हँडलवर दोन्ही हात दाबून दाखवतायत, "बघ वहिनी, कशी गादी झाली, हळूहळू वर येते." पार्किंगमध्ये खरंच गादी वाटत होती. मी म्हटलं भावजी हे असं नको, तर म्हणे "अगं ही स्कूटर नाही, क्वाड आहे." लोक निघालेले, रिंगा फिरवायचा हुकाचा पाना ट्रकमध्ये तळाशी, तशीच निघाले.

पहिल्या दगडी चढाला ठीक. उतार लागला आणि पुढून खाड खाड आवाज सुरू झाला. प्रत्येक पायरीला हँडल हातातून निसटू बघायचं, आणि धक्का सरळ कोपरापर्यंत. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून घाट उतरावा तसं झालं. जेवायला थांबलो तेव्हा मी खाली वाकून बघितलं. पुढच्या शॉकअपच्या दांड्यावर मी नेहमी एक बारीक झिपटाय घट्ट लावून ठेवते, शॉकअप किती दाबला जातो ते त्यावरून कळतं. तो पार बंपस्टॉपच्या, म्हणजे शेवटाला अडवणाऱ्या, रबरापर्यंत जाऊन दोन्ही बाजूंना चिरडला होता. म्हणजे शॉकअपचा प्रवास, दाबला जायची जागा, जवळजवळ प्रत्येक मोठ्या दगडाला संपत होता आणि पुढचा धक्का रबर घेत होतं. ते रबर मऊ नसतं हो.

यात गूढ काही नाही. रॅप्टर ७०० ला पुढे ९.१ इंच आणि मागे १०.१ इंच प्रवास आहे. तुम्ही बसल्यावर त्यातला एक तृतीयांशाच्या आसपास वापरला जावा, उरलेला दगडांसाठी. प्रीलोड सोडल्याने स्प्रिंग मऊ होत नाही, तिची तार तीच, वेटोळी तेवढीच. फक्त गाडी खाली बसते. खाली बसली की दगडासाठी उरलेला प्रवास कमी. मागच्या बाजूला तर दुहेरी नुकसान, कारण मागे लिंकेज (शॉकअपला मागच्या चाकाच्या दांड्याशी जोडणारे सांधे) आहे आणि ते जितकं खाली दाबलं जाईल तितकं ताठ होत जाईल असंच बनवलेलं असतं, म्हणजे गाडी खाली बसवून तुम्ही स्वतःहून त्याच्या ताठ भागात जाऊन बसता. आणि रिबाउंड बंद केल्यावर स्प्रिंग वर यायला वेळ लागतो, पहिल्या दगडातून वर यायच्या आत दुसरा, दुसऱ्यातून वर यायच्या आत तिसरा, असं करत पाचव्या-सहाव्या दगडापर्यंत शॉकअप दाबलेलाच राहतो. पार्किंगमध्ये एकदा दाबून बघितलं तर हे कधीच कळणार नाही, कारण पार्किंगमध्ये दुसरा दगड येत नाही.

संध्याकाळी केबिनवर गाडी लावली आणि टेप काढली. तुम्ही पण असंच करा. पुढून गाडी इतकीच उचला की टायर जमिनीला जेमतेम टेकतील, फ्रेमच्या एका ठरलेल्या बोल्टपासून जमिनीपर्यंत माप घ्या. मग हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी सगळं घालून बसा, दोन-तीनदा उड्या मारून गाडी बसवा, आणि इथे बहुतेक लोक चुकतात, गाडी चार-पाच फूट पुढे-मागे ढकलायला लावा. क्वाडला पुढे ए-आर्म, म्हणजे चाकं धरणारे A च्या आकाराचे दांडे आहेत, गाडी खाली बसताना दोन्ही टायर थोडे बाहेर सरकावे लागतात आणि जागच्या जागी ते जमिनीला चिकटून राहतात, सरकत नाहीत, त्यामुळे माप खोटं येतं. ढकलल्यावर दुसऱ्या कोणालातरी माप घ्यायला सांगा, स्वतः वाकून घेऊ नका. दोन मापांतला फरक हाच सॅग. पुढे तीन इंचाच्या आसपास आणि मागे त्याहून जरासा जास्त इथून सुरुवात करा. रिंगा फिरवायच्या आधी आटे ब्रशने घासून स्प्रे मारा, आणि छिन्नी-हातोडी लावू नका, अॅल्युमिनियमची रिंग आहे, एकदा चेमटली की कायमची गेली.

मग रिबाउंड. आधी स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून क्लिक मोजा आणि कागदावर लिहून ठेवा, तिथून मधोमध आणा. शेवटाला जोर लावू नका, आतली सुई खराब होते. मागून गाडी उडवत असेल, सीट ढुंगणाला लाथ मारतेय असं वाटत असेल, तर दोन क्लिक आत. सलग खडबडीत रस्त्यावर हळूहळू जास्तच कडक लागायला लागली तर दोन क्लिक बाहेर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच अर्ध्या मैलाच्या तुकड्यावर परत फिरून बघा. कॉम्प्रेशन, म्हणजे शॉकअप आत दाबला जाताना होणारा अडथळा, शेवटी. मधला स्क्रू लो-स्पीड, तो वळणात आणि ब्रेक मारताना गाडी झुकते त्याचा. भोवतीचा षटकोनी नट हाय-स्पीड, दगड आणि मुळांचे टोकदार धक्के याच्याकडे. यातल्या स्पीडचा गाडीच्या वेगाशी काही संबंध नाही, शॉकअपचा दांडा किती झपकन आत जातो त्याच्याशी आहे, म्हणून पहिल्या गिअरमध्ये सुद्धा दगडाला हाय-स्पीडच लागतं. आरामासाठी हाय-स्पीड सोडा, लो-स्पीड फार सोडू नका नाहीतर गाडी वळणात लोळते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम परत त्याच ट्रेलला गेले. जेवणाच्या वेळी झिपटाय बघितला तर रबराच्या अर्धा इंच वर. मनगटं ठीक. संध्याकाळपर्यंत चालवली आणि ट्रेलरवर पण मीच चढवली. भावजींचं म्हणणं, रात्री पाऊस झाल्याने ट्रेल मऊ झाली होती. दगड पावसाने मऊ होतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि मग पुढचा मुद्दा लगेच तयार, की कंपनीचे शॉकअप मुळात भंगार, एल्का नाहीतर फॉक्स कंपनीचे टाका, आणि ते परवडत नसेल तर बायकांनी आपली साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीटं आणि स्टिअरिंग असलेली) घ्यावी, सीटबेल्ट लावून आरामात बसावं.

महागडे शॉकअप वाईट नाहीत. ड्युअल रेटच्या स्प्रिंगा, म्हणजे वरची छोटी मऊ आणि खालची मोठी ताठ, छोट्या खड्ड्यांवर सुंदर चालतात, मी चालवून बघितल्यात. पण ते पण तुमच्या वजनाला बनवून घेतले तरच. दुसऱ्याच्या वजनाचे सेकंडहँड एल्का घेऊन लावले तर परत तिथेच येणार. आणि जुन्या गाडीचे कंपनीचे शॉकअप "भंगार" वाटतात त्याचं कारण बहुतेक वेळा त्यातलं तेल कोणी कधीच बदललेलं नसतं. रॅप्टर ७०० २००६ पासून येतेय, तुमची कुठल्या सालची ते लिहिलं नाहीत, पण जुनी असेल आणि आधीच्या मालकाकडे सर्व्हिसची पावती नसेल तर तेल गेलंय असं धरूनच चाला. तिन्ही शॉकअप काढून सस्पेन्शनचं काम करणाऱ्याकडे द्या, तेल, सील, नायट्रोजन. नव्या शॉकअपच्या मानाने हा खर्च काहीच नाही. हे घरी करू नका, आत नायट्रोजन दाबाने भरलेला असतो. मी आप्पांची मुलगी असून मी पण बाहेरच देते.

शॉकअप काढलेच आहेत तर मागचा स्विंगआर्म, म्हणजे मागची चाकं धरणारा दांडा, हाताने वर उचलून सोडा. स्वतःच्या वजनाने सहज खाली पडला पाहिजे. अडकत-अडकत आला तर लिंकेजचे बेअरिंग गंजलेत, ओढ्याचं पाणी आणि प्रेशर वॉशर, दुसरं काय. हे बेअरिंग जाम असतील तर जगातला कुठलाही शॉकअप लावा, पाठ दुखणारच.

आणि टायर. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. क्वाडच्या टायरला ४-५ पीएसआयच्या आसपासच हवा लागते, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पेट्रोल पंपावर कोणीतरी पंधरा भरून दिली असेल तर तुम्ही सस्पेन्शनचं काहीही करा, दगड थेट मणक्यात येणार. आधीच्या मालकाने पंक्चर टाळायला सहा प्लायचे, म्हणजे सहा थरांचे, टायर टाकले असतील तर त्यांच्या भिंती मुळातच ताठ असतात, ते पण तपासा.

काही गोष्टी राहिल्या. सॅग बदलला की पुढच्या चाकांचं टो-इन (चाकं पुढच्या बाजूने किती आत वळलीत ते) बघा, थोडं हलतं. प्रीलोड जवळजवळ शून्यावर आणून पण गाडी तुमच्या वजनाला खाली बसतच नसेल तर स्प्रिंगच तुमच्यासाठी ताठ आहे, मग मऊ रेटची स्प्रिंग घ्यावी लागेल, फक्त स्प्रिंग, शॉकअप तोच. माझ्या पुढच्या दोन्ही मी शेवटी तशाच बदलल्या, आणि ५४ किलोच्या बाईच्या वजनाची स्प्रिंग मिळते, मागितली की मिळते, त्यासाठी साइड-बाय-साइड घ्यावी लागत नाही. साठ किलोला तुम्हाला कदाचित बदलायची गरज पडणार नाही, आधी मोजा. मागे सलग अॅक्सल असल्यामुळे एक चाक दगडावर चढलं की सगळं मागचं अंग तिरकं होणारच, तेवढं स्पोर्ट क्वाडला राहणार, तिथे उभं राहून गुडघ्यांनी घ्यायचं. आणि पाठीचं दुखणं गाडीवरून उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पण राहत असेल किंवा पायात मुंग्या येत असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरला दाखवा.

सॅगची मापं घेतलीत की पुढचं, मागचं आणि गाडीचं साल खाली कमेंटमध्ये टाका, स्प्रिंग बदलायची का नाही ते बघून सांगते. टायरचं गेज मात्र ० ते १० वालं घ्या, पंपावरच्या मोठ्या गेजवर चार आणि सातातला फरक नीट कळत नाही.