दूध-लोण्याशिवाय भोपळ्याचा लोफ : तुम्ही विचारलंत

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की मसाला घातलेला लाल भोपळ्याचा गोड लोफ, म्हणजे लांबट टिनमध्ये भाजलेला केक, दूध, दही, लोणी यातलं काही न घालता घरी मस्त होतो. त्या एका ओळीवर पत्रं आणि मेसेज यायला लागले, सोलापुरातनं तर जरा जास्तच, म्हणून आज बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि फक्त लोफ घेतलाय.

प्रश्न : ताई, माझा मुलगा ४ वर्षांचा आहे, त्याला दुधाची ॲलर्जी निघालीय, डॉक्टरांनी दूध-दही-पनीर सगळं बंद करायला सांगितलंय. वाढदिवसाला बेकरीतनं काही आणायची सोय नाही, आणि बिनअंड्याच्या केकची कुठलीपण रेसिपी बघा, कंडेन्स्ड मिल्क नाहीतर दही आहेच. सासूबाई म्हणतात साजूक तूप चालतंय की, त्यात दूध कुठं राहतंय. खरं आहे का? आणि लोणी-दही काढलं तर लोफ फुलणार कसा? – एक आई, जुळे सोलापूर

आधी तुपाचं सांगते, बाकी सगळं नंतर. ज्यांना दूध नुसतं पचत नाही, पिलं की पोट गुबारतं, त्यांना त्रास होतो तो दुधातल्या साखरेचा, म्हणजे लॅक्टोजचा, आणि ते तुपात जवळपास नसतं म्हणून अशा लोकांना तूप बऱ्याचदा चालून जातं. तुमच्या मुलाचं तसं नाहीये. ॲलर्जी दुधातल्या प्रोटीनची असते आणि तूप कितीही कढवलं तरी त्याचा अंश मागे राहू शकतो, त्यामुळे डॉक्टर स्वतः हो म्हणत नाहीत तोवर तूप नाही, आणि टिनलासुद्धा तुपाचा हात नाही. शेळीचं दूध द्या असं कुणी ना कुणी सांगेलच, तेपण नको, त्यातली प्रोटीनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक मुलांना त्याचाही तसाच त्रास होतो. लोण्याऐवजी मिळणाऱ्या मार्जरिनच्या पुड्यावर बारीक अक्षरात मिल्क सॉलिड्स लिहिलेलं असतं कधीकधी, वाचून घ्या. अंडं मात्र डेअरीत येत नाही, ते खात असेल तर चालतं, पण खाली देतेय त्या लोफला त्याचीपण गरज नाही.

आता फुलण्याचं. लोफ फुलतो तो सोडा आणि आंबटामुळे. दह्याचं काम तिथं आंबटपणाचंच असतं, ते एक टेबलस्पून व्हिनेगर नाहीतर दोन-अडीच टीस्पून लिंबाचा रस आरामात करतो. लोण्याचं काम तेल करतं, आणि खरं सांगू का, अशा ओलसर लोफला तेलच बरं, कारण तेल गार झाल्यावर घट्ट होत नाही आणि दुसऱ्या दिवशी स्लाइस मऊ राहते. आपल्याकडचं करडईचं तेल यात फार छान, त्याला स्वतःचा असा वास जवळपास नाहीच. घाण्याचं शेंगतेल भाजीत कितीही भारी लागत असलं तरी इथं नको, दालचिनीच्या डोक्यावर बसतं. खोबरेल वापरणार असाल तर ते साधारण २४ डिग्रीच्या खाली गोठतं हे लक्षात ठेवा, थंडीत सकाळी लोफ दगड लागेल.

म्हणजे दूध काढून टाकणं यात काही विशेष नाही. खरी कटकट आहे भोपळ्यातल्या पाण्याची, आणि निम्म्याहून जास्त पत्रं त्याच एका दुखण्याची आहेत. परदेशी रेसिपीत डब्यातला घट्ट गर धरलेला असतो. आपण मंडईतनं कापलेली फोड आणतो, कुकरमध्ये पाणी घालून तीन शिट्ट्या काढतो आणि तो पचपचीत गर मापाने एक कप म्हणून ओततो, मग लोफ आतनं गिच्च. तर फोड घेताना गर्द केशरी गराची, हातात जड लागणारी घ्या, फिक्या पिवळ्या गरात पाणी जास्त नि चव कमी. अर्धा किलोच्या फोडीतनं पाणी काढल्यावर साधारण पाव किलो गर हाताशी येतो. मोठ्या फोडी चाळणीवर ठेवून वाफवायच्या, पाण्यात बुडवायच्या नाहीत, गार झाल्या की साल काढून कुस्करायच्या आणि पातळ पंच्यात बांधून अर्धा तास नळाला टांगायच्या. सोलापुरात राहून पंच्या-टॉवेलची वाण कुणाच्या घरी नसते, पण तो जाड टर्किश टॉवेल घेऊ नका, त्याचे धागे गरात येतात. शेवटी हाताने एकदा पिळायचं, गर चक्क्यासारखा चमच्यावर उभा राहिला पाहिजे. खाली जे केशरी पाणी पडेल ते फेकू नका, त्यातच गूळ विरघळवायचाय. काढलेलं पाणी परत घालायचं म्हणून हसू नका, आता ते आपण मोजून घालतोय.

तर घ्यायचं असं. गर २४० ग्रॅम, चिरलेला गूळ १६० ग्रॅम, भोपळ्याचं ते पाणी ८० मिली, करडईचं तेल ९० मिली, मैदा २२० ग्रॅम, त्यात निम्मी कणीक घेतली तरी चालते. एक सपाट टीस्पून खायचा सोडा, अर्धा टीस्पून मीठ, एक टेबलस्पून व्हिनेगर नाहीतर वर सांगितलेला लिंबाचा रस, आणि एक टेबलस्पून जवस. जवस आपल्या घरात चटणीसाठी असतंच, भाजलेलं नको, कच्चं बारीक करून तीन टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की चिकट होतं आणि अंड्याच्या जागी धरून ठेवायचं काम करतं. मसाल्यात दीड टीस्पून दालचिनी पूड, अर्धा टीस्पून सुंठ, चार लवंगा कुटून, आणि जायफळ किसणीवर चारपाच वेळा फिरवायचं, जास्त नको, पुरणात जास्त झालं की कसं कडवट होतं ते माहितीय ना.

गूळ त्या पाण्यात कोमट करून विरघळवा, गाळून घ्या (खडा निघतोच) आणि गार होऊ द्या. त्यात गर, तेल, जवस, व्हिनेगर फेटा. कोरडं सगळं दोनदा चाळा. मग ओव्हन १७० डिग्रीला दहा मिनिटं तापवून झाल्यावरच, आधी नाही, ओलं आणि कोरडं एकत्र करायचं, कारण सोड्याला आंबट लागलं की त्याचा फेस लगेच सुरू होतो आणि तुम्ही फोन घ्यायला गेलात की तो वाया जातो. पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा, फेटत राहिलं की लोफ चिवट होतो. आठ-नऊ इंची लोफ टिनला तेलाचा हात लावून कागद घाला, मिश्रण ओता, ५० ते ६० मिनिटं. पहिली ३५ मिनिटं दार उघडायचं नाही. मधोमध काडी घालून बघा, ओलं पीठ चिकटलं तर अजून दहा मिनिटं.

एवढ्यात दुधाचा थेंब कुठं नाही. फक्त मिक्सरचं भांडं आणि चमचे आधी साबणाने नीट धुऊन घ्या, सकाळी त्यातच ताक घुसळलेलं असतं.

प्रश्न : ताई, वरनं एकदम भारी दिसतो, कापला की मधी चिकट आणि बसका. गर पिळून घेतला होता. सोडा पण दोन चमचे टाकला फुगावा म्हणून. काय चुकलालंय कळंना. – अक्कलकोट रोड

दोन चमचे! अहो तिथंच की. सोडा जास्त झाला की लोफ आधी भसकन वर येतो आणि आत धरायला ताकद नसल्यामुळे मधनं खाली बसतो, वर चव साबणासारखी लागते. एक सपाट चमचा, बस. आणि गरम गरम कापला होता का ते लिहिलं नाहीत, पण कापलाच असणार, घरात वास सुटल्यावर कोण थांबतंय. तरी किमान दीड-दोन तास थांबा, गार होता होता आतली वाफ बाहेर पडते आणि पीठ सेट होतं, तोवर बरोबर भाजलेला लोफसुद्धा चिकटच लागतो. टिनमध्ये दहा मिनिटं, मग बाहेर काढून जाळीवर, टिनमध्येच ठेवला तर बुड घाम धरतं.

प्रश्न : पम्पकिन स्पाइस म्हणून पुडी ऑनलाइन ४००-५०० रुपयाला दाखवते. त्यात भोपळा असतो का? आणि त्याऐवजी चहा मसाला किंवा गरम मसाला चालेल का?

त्यात भोपळा नसतो हो. अमेरिकेत भोपळ्याचा 'पाय' (pie) म्हणून जो गोड पदार्थ करतात त्यात जे मसाले घालतात त्यांची ती पूड, दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग, एखाद्यात ऑलस्पाइस. म्हणजे सगळं किराणा दुकानात सुटं मिळतं, पैसे कशाला घालवताय. चहा मसाला चालेल, पण डब्यावर बघा, मिरी जास्त असेल तर घशाला लागते. गरम मसाला नको, त्यात धने-जिरे असतात, लोफला भाजीचा वास येईल. आणि घरचा काळा मसाला तर आमटीलाच राहू द्या.

प्रश्न : मी वरून आणि आतपण सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कापलं तर बियांच्या भोवती हिरवंगार! बुरशी समजून सगळा टाकून दिला. – होटगी रोड

अरेरे, बहुतेक चांगला लोफ टाकलात. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक ॲसिड असतं आणि सोडा जास्त झाला की त्याचा रंग हिरवा होतो, बी हिरवी, भोवतीचा लोफपण हिरवट. दिसायला भयंकर, खायला अपाय नाही. बुरशी वेगळी ओळखू येते, ती केसाळ असते, बहुतेक वरच्या बाजूला आधी येते आणि कुबट वास येतो, तसं असलं तर टाकायचाच. परत करताना सोडा मोजून, व्हिनेगर विसरू नका, किंवा सरळ भोपळ्याच्याच बिया घाला, नाहीतरी फोडीतनं निघतातच, धुऊन वाळवून सोलायचा कंटाळा नसेल तर.

प्रश्न : आमच्याकडे मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आहे घरची. मैदा न घालता पूर्ण ज्वारीचा होईल का?

पूर्ण ज्वारीचा करू नका, तुकडे पडतील. ज्वारीत ग्लुटेन नाही, बांधून ठेवायला काही नाही. पण एक तृतीयांश घाला की, २२० ग्रॅममधलं ७० ग्रॅम ज्वारी आणि बाकी कणीक-मैदा, चव इतकी छान येते, भाजल्यावर कडेला एक खमंगपणा येतो जो नुसत्या मैद्याला कधीच येत नाही. फक्त ते पीठ तसंच कोरडं घातलं तर दाताखाली कचकच लागतं. पीठ जुनं झालं आणि भाकरी थापताना तुटायला लागली की तुम्ही काय करता? उकळतं पाणी घालून मळता ना, इथंपण तेच करायचं. त्या ७० ग्रॅमवर भोपळ्याचं ८० मिली पाणी उकळून ओता, झाकून ठेवा, वीस मिनिटांनी ते कुस्करून गरात फेटा. गूळ मग वेगळ्या पाण्यात नको, बारीक किसून तेलाबरोबर घाला, नाहीतर पाणी डबल होईल आणि परत गिच्च लोफ घेऊन मला पत्र लिहाल.

प्रश्न : ओव्हन नाही. कुकरमध्ये होतो का?

होतो. साधा ॲल्युमिनियमचा जुना कुकर घ्या, नॉनस्टिकचा नको. शिट्टी आणि रबर दोन्ही काढा, तळाला जाड मीठ, त्यावर स्टँड, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग आच एकदम बारीक, पाऊण ते सव्वा तास. लांब टिन कुकरमध्ये बसत नाही म्हणून गोल डबा घ्या, सहा-सात इंची, निम्म्यापेक्षा थोडाच वर भरा, मिश्रण उरलं तर आप्पेपात्रात. वरचा भाग ओव्हनसारखा तांबूस येणार नाही, त्यासाठी आच वाढवलीत तर बुड करपेल.

प्रश्न : काय गं बाई, भोपळ्याचं गोडच करायचं तर घारगे करावेत. त्याला ना ओव्हन ना सोडा, आणि त्यात तरी कुठं दूध असतंय? – एक आजी, बाळीवेस

आजी, पूर्ण पटलं. किसलेला भोपळा गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक, चमचाभर तांदळाची पिठी, मीठ, तेलात तळायचे, दुधाचा संबंधच नाही. वर जुळे सोलापूरच्या ज्या आईने लिहिलंय तिने खरं तर डब्याला घारगेच द्यावेत, फक्त साजूक तुपाची धार सोडायची नाही. पण वाढदिवसाला मेणबत्ती लावायची कशावर, पोरांना कापायला काहीतरी लागतं हो, तेवढ्यासाठी लोफ.

प्रश्न : मुलगी मुंबईला शिकते. सिद्धेश्वर एक्सप्रेसने कुणाबरोबर तरी पाठवायचा आहे, टिकेल ना?

रात्रीचा प्रवास आहे, सकाळी पोचतो, काही होत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी भाजा, रात्रभर जाळीवर गार होऊ द्या, मग न कापता आख्खा बटर पेपरात आणि वर डब्यात. कोमट असताना डबा बंद केलात तर झाकणाला पाणी सुटतं नि तिथनं बुरशी लागते. जानेवारीत, आपल्या गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत, बाहेर तीन दिवस सहज राहतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून फ्रीज, आणि तिच्या हॉस्टेलला फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात पाठवूच नका, शेंगाची चटणी पाठवा. तुमच्यापुरता ठेवायचा असेल तर स्लाइस करून फ्रीजरमध्ये टाका, दोन महिने राहतो, खाताना तव्यावर थेंबभर तेलात दोन्हीकडनं शेकायचा.