रेडिओ कंट्रोल ट्रक हुबेहूब खरा वाटावा म्हणून कोणते जादा पार्ट घ्यावेत? चाळिशीत हा छंद सुरू करणं ठीक आहे का?

जादा पार्ट घेऊच नका, निदान पहिलं वर्षभर तरी. वयाचं म्हणाल तर हे काम मोठ्यांचंच आहे. तीन गिअरचा गिअरबॉक्स बसवायला लागणारा धीर लहान मुलांकडे नसतो. त्याबद्दल एवढंच.

पार्टचा प्रश्न मात्र मला झोंबला, कारण याच मुद्द्यावर एका जुन्या मित्राशी माझा वाद अजून मिटलेला नाही. आम्ही दोघांनी तामिया या जपानी कंपनीच्या किटमधून किंग हॉलर हा ट्रक बांधला, खऱ्याच्या १/१४ आकाराचा. त्याने त्यावर क्रोमचे भोंगे, टपावर दिव्यांची रांग आणि धातूची चाकं चढवली, वर मोटरही जास्त वेगाची टाकली. कपाटात ठेवलेला तो ट्रक देखणा होता, हे मी तेव्हाही म्हणालो. पण जमिनीवर सोडला की क्षणात त्याचं खेळणं व्हायचं.

मी त्याला हिशेब मांडून दाखवला. खरा ट्रक ताशी ८० किलोमीटरने जात असेल, तर १४ ने भागल्यावर ५.७ येतात. म्हणजे आपण जरा भरभर चालतो तेवढा वेग. त्याचा ट्रक पळणाऱ्या माणसाला मागे टाकायचा. १४ ने गुणलं तर खऱ्या ट्रकच्या हिशेबात ते ताशी २०० च्या वर जातं. एवढ्या वेगात भोंगे कुणाला दिसणार? त्याचं उत्तर ठरलेलं: "तुझी बैलगाडी आहे."

वजनाचं तर त्याने ऐकूनच घेतलं नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही १४ पटींनी कमी होतात, म्हणून वजन २७४४ ने भागायचं. ४० टनांचा भरलेला ट्रक या हिशेबाने साडेचौदा किलोंचा व्हायला हवा. रिकामा ट्रेलर ओढणारं मॉडेल त्याच्या आसपासही नसतं, आणि किटचे पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) त्या हलक्या वजनाला फार कडक पडतात. बारीक खडा लागला तरी गाडी टणकन उडते. मी पाट्यांच्या प्रत्येक जुडग्यातली एक पट्टी काढली आणि ट्रेलरच्या तळाला, अगदी खाली, शिशाची वजनं चिकटवली. आता वळणावर केबिन सावकाश कलते, ब्रेक लागला की नाक किंचित खाली जातं. तो आनंद कुठल्याही क्रोमच्या पार्टने मला दिलेला नाही. मित्राने ते पाहिलं आणि म्हणाला, मोटर कमजोर आहे!

रंगाचंही तेच. चकचकीत काळे टायर खऱ्या रस्त्यावर दिसतात का? टायरला करडी झाक द्या, केबिनच्या खालच्या भागावर धुळीच्या रंगाचा पातळ मॅट हात मारा. भोंगे नसले तरी चालतं, धूळ मात्र हवीच.

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. वजन वाढलं की मोटर तापते आणि गिअर लवकर झिजतात. त्यामुळे साडेचौदा किलोंच्या मागे लागू नका, पाटे जरासे दबतील इतकंच वजन घाला. गिअरना ग्रीस आणि धातूत धातू बसणाऱ्या स्क्रूंना, ते सैल होऊ नयेत म्हणून, लॉकिंगच्या द्रवाचा थेंब यात हयगय नको. आणि शर्यतच लावायची असेल तर तो म्हणतो ते बरोबर आहे, पण मग ट्रक कशाला बांधायचा?

खर्च करायचाच असेल तर चांगल्या चार चॅनेलच्या रिमोटवर करा: स्टिअरिंग, थ्रॉटल (म्हणजे वेग), गिअर आणि चौथा इंजिनासारखा आवाज काढणाऱ्या युनिटसाठी. थ्रॉटलची वरची मर्यादा रिमोटवरच कमी करून ठेवा आणि दर वेळी पहिल्या गिअरमध्येच निघा. मोटर किटसोबत येते, ती बदलू नका.