तापमान शून्याखाली असताना बर्फाऐवजी पाऊस कसा पडतो?

कॅनडातल्या माँट्रियलमध्ये तापमान उणे २ अंश असताना पाऊस कसा पडला, एकाच दिवसात आधी हिम, मग बर्फाचे खडे आणि नंतर पाऊस असा क्रम का लागला, आणि ते खडे म्हणजे आपल्याकडच्या गाराच का, असे आपण विचारले आहे. मी शेजारच्या ओटावात राहतो आणि हा माझ्या आवडीच्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जमिनीलगतच्या तापमानावरून यातले फार थोडे कळते. ढगापासून जमिनीपर्यंत हवेचे थर कसे रचलेले आहेत, हेच निर्णायक असते. इथल्या हिवाळ्यातला बहुतेक पाऊससुद्धा वर ढगात हिम म्हणूनच तयार होतो. ढगातले सूक्ष्म जलबिंदू शून्याखालीही न गोठता राहू शकतात, परंतु बर्फावरचा बाष्पदाब पाण्यावरच्यापेक्षा कमी असल्यामुळे बाष्प हिमस्फटिकांवर साचत जाते, जलबिंदू आटतात आणि स्फटिक वाढतात. खालपर्यंत सगळी हवा थंड असेल, तर ते हिम म्हणूनच जमिनीवर उतरतात.

खरा गुंता मध्येच उबदार हवेचा थर घुसला की सुरू होतो. हा थर शून्याच्या वर जेमतेम १ ते ३ अंशांचा असेल, तर हिमकण अर्धवट वितळतो आणि थेंबाच्या पोटात बर्फाचा अंश शिल्लक राहतो. खालच्या थंड थरात शिरताच त्या अंशाच्या आधाराने सगळा थेंब पुन्हा गोठतो. हेच आपण पाहिलेले खडे, ज्यांना इथे आइस पेलेट म्हणतात. कोटाच्या बाहीवर ते तडतड वाजत उडतात आणि हातात घेतले तर साबुदाण्याच्या दाण्यासारखे दिसतात. उबदार थर याहून जाड किंवा अधिक उष्ण असेल, तर मात्र बर्फाचा मागमूस उरत नाही. असा पूर्ण वितळलेला थेंब खालच्या थंड थरातून जाताना शून्याखाली जातो, पण गोठायला आधारच नसल्यामुळे पाणीच राहतो आणि फांदीला, तारेला किंवा रस्त्याला टेकताच काचेसारखा थर धरून गोठतो. आपण अनुभवलेला फ्रीझिंग रेन तो हाच, आणि माझ्या मते हिवाळ्यातला सर्वांत घातक वर्षावही हाच.

एरवी हा पाऊस फार काळ टिकत नाही, कारण पाणी गोठताना उष्णता बाहेर पडते आणि जमिनीलगतची हवा हळूहळू शून्यापर्यंत येते. जानेवारी १९९८ मध्ये मात्र मेक्सिकोच्या आखाताकडची दमट, उबदार हवा वरून येत राहिली आणि सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यातून ईशान्येचे वारे खालून थंड हवा पुरवत राहिले. ५ ते १० जानेवारीदरम्यान माँट्रियलच्या परिसरात काही ठिकाणी सुमारे १०० मिलिमीटर वर्षाव झाला. बर्फाच्या भाराने विजेचे हजाराहून अधिक मनोरे कोसळले आणि शहराच्या दक्षिणेकडील काही गावे कडाक्याच्या थंडीत कित्येक आठवडे अंधारात राहिली.

आपण पाहिलेला क्रम उबदार हवा वरून सरकत येते तेव्हाचा नेहमीचा आहे: मधला थर जसजसा तापत जातो, तसे हिम, खडे आणि पाऊस एकामागून एक येतात. क्वचित उलटेही घडते, कारण हिम वितळताना हवेतली उष्णता शोषली जाते आणि मधला थर निवून पाऊस पुन्हा हिमावर येतो. त्या थरात एखाद्या अंशाचा फरक पडला तरी चित्र बदलते, म्हणून अंदाज चुकला तर हवामान खात्याला फार दोष देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्रात फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये पडल्या, तशा गारांचा जन्म मात्र निराळा आहे. गार गडगडाटी ढगातल्या जोरदार ऊर्ध्वगामी प्रवाहावर तरंगत, शून्याखालचे जलबिंदू अंगावर गोठवून घेत वाढते, म्हणूनच ती लिंबाएवढी होऊ शकते. आइस पेलेट मात्र एकाच थेंबातून किंवा हिमकणातून बनत असल्यामुळे सहसा ५ मिलिमीटरपेक्षा मोठा होत नाही.