बारा व्होल्टची पिकअप चोवीसवर न्यावी का?

भाऊ, घनसावंगीहून रात्री मोसंबी घेऊन जालन्याच्या मोंढ्याला निघालात की पिकअपचे लाईट पिवळे पडतात, पहाटे सेल्फ जड फिरतो. म्हणून ट्रकसारख्या दोन बॅटऱ्या जोडून गाडी 24 व्होल्टवर न्यावी का, असं तुम्ही विचारलंय. 22 वर्षं हेच काम करतोय, त्या भरवशावर सांगतो: नेऊ नका.

तुमचा विचार चुकीचा नाही. 60 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर 10 अँपिअर ओढतात. जुन्या वायरिंगचा अडथळा 0.2 ओहम झाला असेल तर 2 व्होल्ट वाटेतच जातात. तेवढेच वॅट 24 व्होल्टवर चालवले तर करंट 5 अँपिअर आणि तारेतलं नुकसान चौथाई. मोठ्या गाड्या 24 वर आहेत त्या म्हणूनच. पूर्वी मोटारी 6 व्होल्टच्या होत्या, त्या 12 वर आल्या त्यामागेही हाच हिशोब. 1990 च्या दशकात 42 व्होल्टचा घाट घातला गेला, पण खर्च वाढला, स्विच उघडताना ठिणगी विझेना आणि बेत बारगळला. आता 48 व्होल्ट येतंय, पण त्या गाड्या कारखान्यातूनच तशा घडवलेल्या असतात.

तुमच्या गाडीत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा), सेल्फ, सगळे बल्ब, हॉर्न, वायपरची मोटर, रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्लॅशर, मीटर सगळंच बदलावं लागेल. इंजिनचा कंट्रोल युनिट 12 चा असेल तर तो 24 वर जळू शकतो. मग कुणीतरी सुचवेल, दोनपैकी एका बॅटरीवरून 12 काढून घ्या. हे कधीच करू नका. शिकाऊ असताना एका उसाच्या ट्रकवर गाण्याच्या टेपसाठी मी हेच केलं होतं. अल्टरनेटरला फक्त दोघींची बेरीज दिसते, साधारण 28 व्होल्ट. जिच्यावर टेप होता ती कायम उपाशी राहिली, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळली, पाणी आटलं. एकाच हंगामात दोन्ही गेल्या. त्या मालकाचं नुकसान मला आजही बोचतं. 24 च्या गाडीत 12 हवेच असतील तर 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावायचा.

तुमचं दुखणं बहुतेक तारेत आहे. इंजिन चालू, हेडलाईट चालू ठेवा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावून एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं हेडलाईटच्या प्लस पिनवर धरा. मग बॅटरीचा मायनस आणि बल्बची अर्थ (मायनसकडची) पिन, असंच मोजा. कुठेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की चोर सापडला. व्होल्टेज 10 टक्के पडलं तर हॅलोजनचा उजेड जवळपास 30 टक्के कमी होतो. त्यामुळे एवढ्यानंही रस्ता अंधारतो.

उपाय स्वस्त आहे: बॅटरीजवळ फ्यूज, तिथून 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, लो आणि हाय बीमला वेगळे रिले. जुना स्विच फक्त रिले चालवेल. बल्बची अर्थ चेसिसच्या गंजलेल्या बोल्टवर सोडू नका, थेट बॅटरीपर्यंत न्या.

सेल्फसाठी इंजिन आणि चेसिसमधली अर्थची पट्टी आधी खोला. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल तिथं साचतो, आतून हिरवा गंज चढतो. घासून घट्ट करा, टर्मिनल साफ करा, मग पहाटेचा सेल्फ बघा. तरीही जड फिरला तर बॅटरी लोडवर तपासून घ्या. रीडिंग इथं टाका, पुढचं सांगतो.